श्रीखंडे ग्राफवर इंजिन चालवून पाहा

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले. १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचा लॅटिन चौरसांविषयीचा अंदाज खोटा ठरवला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या त्यांच्या आणखी एका निबंधातला १६ नोडचा ग्राफ मात्र ग्राफमध्ये नमुना शोधून तो नियमानुसार बदलणारी पुनर्लेखन-इंजिने लिहिणाऱ्यांच्या चाचणीसंचात क्वचितच दिसतो. तो तिथे असायलाच हवा.

बांधणी सोपी आहे. ० ते ३ या अंकांच्या जोड्या हे नोड. दोन जोड्यांमधला फरक, चारने भागून उरणाऱ्या बाकीत, ±(१,०), ±(०,१) किंवा ±(१,१) आला की त्यांच्यात कड. शेजारी दुसरा ग्राफ ठेवा: ४×४ पटावर हत्ती एका चालीत जिथे पोचतो ती घरे जोडलेली. दोन्हींत ४८ कडा, प्रत्येक नोडला ६ शेजारी आणि कोणत्याही दोन नोडना नेमके २ सामाईक शेजारी.

आता नियमाची डावी बाजू, म्हणजे शोधायचा नमुना, घ्या: परस्परांशी जोडलेले चार नोड. शेजाऱ्यांची संख्या पाहणारी चाळणी इथे काहीच गाळत नाही. सामाईक शेजारी मोजणारीही नाही. आंधळ्या शोधाला चार नोडच्या ४३,६८० मांडण्या उरतात. पण हत्तीच्या ग्राफमध्ये असे ८ चौकडे सापडतात आणि श्रीखंडे ग्राफमध्ये एकही नाही, कारण तिथे प्रत्येक नोडचे सहा शेजारी एकाच षटकोनात बसतात, तर हत्तीच्या ग्राफमध्ये ते दोन सुट्या त्रिकोणांत विभागलेले असतात.

योग्य क्रम लावला तर काम किती उरते? एक कड घ्यायची, तिचे दोन सामाईक शेजारी काढायचे आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत का, एवढेच विचारायचे. ४८ कडांना ४८ प्रश्न. पुनर्लेखनात याहून मोठा लाभ पुढे मिळतो. हत्तीच्या ग्राफमधली एक कड काढली की एकच चौकडा मोडतो, उरलेले सात जसेच्या तसे राहतात. पुन्हा अख्खा ग्राफ धुंडाळणाऱ्या इंजिनाने ही माहिती वाया घालवलेली असते. उलट, एलएलव्हीएम या कंपायलर-संचातला इन्स्ट्रक्शन-कंबाइन टप्पा बदलाशी संबंधित सूचनाच वर्कलिस्टमध्ये परत टाकतो. फोर्जी यांचे १९८२चे रीटे हे नमुना-जुळणीचे तंत्र अर्धवट जुळण्या साठवून ठेवते, पण त्याची किंमत स्मृतीत मोजावी लागते. माझा कौल पहिल्या वाटेला आहे, विशेषतः नियम वारंवार बदलत असतील तेव्हा.

कंपायलरच्या ग्राफमध्ये प्रत्येक नोडवर क्रियेचे नाव असते, त्यामुळे साधी चाळणीही तिथे वेगवान दिसते. म्हणून पुढच्या अंकापासून इंजिनांच्या तुलनेचे लेख पाठवताना वरील दोन्ही ग्राफवरचे आकडे, नोडवरची नावे काढून, द्यावेत: लागलेला वेळ, तपासलेल्या उमेदवार जुळण्या, आणि एक कड काढल्यानंतरच्या शोधाचा खर्च स्वतंत्रपणे.