साठवणे सोपे, सोडणे अवघड

चीनची ‘फुजियान’ ही विमानवाहू नौका नोव्हेंबर २०२५मध्ये नौदलात दाखल झाली आणि विमानांना विद्युतचुंबकीय झोत देऊन उडवणाऱ्या यंत्रणेची चर्चा पुन्हा रंगली. अमेरिकेची ‘जेराल्ड फोर्ड’ ही नौका अशाच यंत्रणेसह २०१७मध्ये सेवेत आली होती. जपानने २०२३मध्ये जहाजावरून रेलगन, म्हणजे विद्युतचुंबकीय तोफ, डागून पाहिली. अमेरिकेने मात्र आपला रेलगन प्रकल्प २०२१मध्ये थांबवला. या बातम्यांत डोळ्यांत भरते ती तोफ किंवा विमान. खरी कसोटी मात्र पडद्याआडच्या प्रश्नाची आहे: वीज साठवायची कशात आणि क्षणार्धात मोकळी करायची कशी?

प्रश्न ऊर्जेच्या राशीचा नाही. डिसेंबर २०१०मध्ये व्हर्जिनियातील डालग्रेन येथे अमेरिकी नौदलाने ३३ मेगाज्यूलचा विक्रमी मारा केला. वीजबिलाच्या भाषेत ही ऊर्जा जेमतेम नऊ युनिटे भरते. परंतु ती काही मिलिसेकंदांत ओतावी लागते आणि तेवढ्या अवधीपुरती शक्ती हजारो मेगावॅटवर जाते. कोणतेही जहाज एवढे जनित्र वाहू शकत नाही. म्हणून ऊर्जा सावकाश साठवून झटक्यात सोडणे, हाच मार्ग उरतो.

साठवणुकीची प्रचलित साधने तीन. ‘फोर्ड’वर वेगाने फिरणाऱ्या चक्रांत ऊर्जा साठते. डालग्रेनच्या तोफेमागे कपॅसिटरच्या रांगा होत्या; त्या विश्वासार्ह, पण जागा फार व्यापतात. तिसरे साधन म्हणजे तारेचे वेटोळे. त्यातून प्रवाह वाहतो, तेव्हा ऊर्जा भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात राहते. प्रवाह दुप्पट केला की साठा चौपट होतो. तेवढ्याच जागेत कपॅसिटरपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा मावू शकते.

मग हा मार्ग मागे का पडला? उत्तर जुन्या स्कूटरच्या इंजिनात सापडते. तेथील कॉइलमधून प्रवाह वाहत असतो. ‘पॉइंट’ उघडताच तो तुटतो, हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. कपॅसिटर रिता करायचा तर स्विच जोडावा लागतो. कॉइल रिती करायची तर वाहता प्रवाह तोडावा लागतो. लाखो अँपिअरचा प्रवाह तोडू पाहताच स्विचमध्येच ज्वाला पेटते आणि साठवलेली ऊर्जा तिथेच जळू लागते. शिवाय तांब्याच्या तारेत साठा टिकत नाही. तारेच्या रोधामुळे तो उष्णतेत विरत जातो. अतिवाहक तार वापरली, तर तिला कडाक्याच्या थंडीत राखावे लागते.

तरीही प्रयत्न सुटलेले नाहीत. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने उभारलेल्या प्रचंड जनित्राची ऊर्जा कॉइलमार्फत रेलगनला देण्यात आली आणि तीन ग्रॅमचा तुकडा सेकंदाला जवळपास सहा किलोमीटर वेगाने धावला. फ्रान्स व जर्मनीच्या संयुक्त सेंट-लुई संस्थेने कॉइल एकसरीत भारित करून समांतर रिती करणाऱ्या मंडलावर काम केले आहे. त्यात थायरिस्टरवर उलटा प्रवाह सोडून आधी मुख्य प्रवाह शून्यावर आणला जातो आणि मगच स्विच उघडतो. प्रगतीची खरी वाट अशा अर्धवाहक स्विचांची आहे.

गोव्याला हा विषय परका वाटू नये. जानेवारी २०२२मध्ये राफेल-एमची चाचणी येथील आयएनएस हंसा तळावरील उतरंडीवरून झाली आणि एप्रिल २०२५मध्ये अशा २६ विमानांचा करार झाला. ‘विक्रांत’वर झोतयंत्र नाही, विमान चढत्या धावपट्टीवरून उडते, त्यामुळे इंधन व शस्त्रभारावर मर्यादा येते. पुढील नौकेसाठी विद्युतचुंबकीय यंत्रणा हवी की नको, हा निर्णय आज ना उद्या घ्यावाच लागेल.

तो घेताना केवळ नौकेचे आकारमान पाहून चालणार नाही. गांधीनगरच्या ‘आदित्य’ टोकामॅकमध्ये १९८९पासून प्लाझ्मातील प्रवाह प्रवर्तनानेच उभा केला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्रातही स्पंदित शक्तीवर काम झाले आहे. म्हणजे विद्येचा पाया येथे आहे. उणीव भासेल ती मोठा भार पेलणाऱ्या देशी स्विचांची आणि ते वर्षानुवर्षे तपासत राहण्याच्या चिकाटीची. विमान विकत घेता येते; ते झेपावण्याचा क्षण ज्यावर अवलंबून आहे तो स्विच परक्याच्या हाती राहिला, तर खरेदीची शोभा बंदरापुरतीच उरेल.