वाळलेली फांदी तोडण्याआधी

मेक्सिकोपासून अँडीजपर्यंतच्या डोंगरी जंगलांत एक लहानसा हिरवा टूकन राहतो. त्याची चोच मोठी पण हलकी, टणक लाकूड कोरण्याच्या कामाची नाही. म्हणून बहुधा सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोलीत तो संसार थाटतो. त्याचा एक दूरचा भाऊबंद आपल्या वर्ध्यात आहे, तो म्हणजे तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. वड-पिंपळ-उंबराची फळे गिळून तो त्यांच्या बिया दूरवर टाकतो. सुतारपक्ष्याची वाट मात्र तो पाहत नाही. नर-मादी मिळून वाळलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला वाटोळे भोक पाडतात आणि आत घर कोरतात. खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. मऊ पडलेले मेलेले लाकूड नसेल तर तांबटाला घर नाही, आणि नेमके तेच लाकूड आपण कचरा समजून तोडतो.

शहरांतील वृक्षसंरक्षणाचा 1975 चा कायदाही इथे तोकडा पडतो. झाड मेलेले किंवा रोगट असेल तर ते तोडण्याची परवानगी नाकारू नये, असेच तो सांगतो. त्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये येते, जेव्हा अनेक ढोल्यांत अंडी किंवा पिल्ले असतात. वादळात फांदी कोसळून माणूस दगावला तर जबाबदार कोण, हा प्रश्न रास्तच आहे. रस्त्यावर, विजेच्या तारांवर, शाळेच्या फाटकावर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. पण आवाराच्या कोपऱ्यात, नाल्याकाठी, शेताच्या धुऱ्यावर उभे असलेले वाळके खोड कोणाच्या डोक्यावर पडणार आहे? आणि जी काढायची तीही दिवाळीनंतर, आधी खालून भोक पाहून काढता येते. तांबट दुर्मीळ नाही, मग एवढी चिंता कशाला, असेही कोणी म्हणेल. पण त्याने सोडलेल्या ढोलीत स्वतः खोदू न शकणारे पक्षी राहतात. फांदीसोबत त्यांचेही घर जाते. वर्धेकरांनी शहरपक्षी म्हणून निवडलेला नीलपंखसुद्धा झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो, हे इथे विसरून चालणार नाही.

एक झाड गेले तर दहा लावू, हे उत्तर मला सर्वांत फसवे वाटते. रोपट्याला वाळकी फांदी नसते. ती यायला कित्येक वर्षे जावी लागतात. 2020 मध्ये सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे पडू लागली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. तीच आस्था आता मेलेल्या फांदीलाही मिळावी. नगरपरिषदेने छाटणीच्या आदेशात ढोली तपासण्याची अट घालावी, आणि आपल्या अंगणातल्या वाळक्या शेवग्यावर कुऱ्हाड घालण्याआधी प्रत्येकाने एकदा फांदीखाली उभे राहून वर पाहावे.