काळे डाग हवेतच

हिरवा साल्सा घरी करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: टोमॅटिलो उकडू नका, भाजा. मेक्सिकोत दोन्ही पद्धती चालतात, पण चिप्सबरोबर खायचा असेल तर भाजलेल्या साल्साला तोड नाही. उकडताना फळाचा रस पाण्यात उतरतो. तव्यावर मात्र साल करपते, आतलं पाणी आटतं आणि आंबट चवीला धुरकट गोडी येते.

टोमॅटिलो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. तो आपल्या रसभरीचा जवळचा नातलग, तसाच कागदी आवरणात वाढणारा. मूळचा मेक्सिकोचाच, आणि स्पॅनिश लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या जेवणात रुळलेला. बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मगुरूने सोळाव्या शतकात अ‍ॅझ्टेक लोकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारात तयार चटण्या आणि रस्से विकणाऱ्यांचंही वर्णन आहे. एवढी जुनी परंपरा असलेला पदार्थ आपण बाटलीतून व्हिनेगरच्या वासासकट खावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आम्हा शिकागोकरांना पिल्सन भागातल्या मेक्सिकन दुकानांत टोमॅटिलो ढिगाने मिळतात. लहान, घट्ट आणि आवरणात गच्च भरलेले निवडावेत. आवरण काढल्यावर साल चिकट लागते. ते स्वाभाविक आहे, कोमट पाण्याने धुतलं की जातं.

अर्धा किलो टोमॅटिलोंना दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि सालीसकट चार लसूण पाकळ्या पुरतात. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल अजिबात घालू नका. लसूण आणि मिरच्या आधी उतरतील. टोमॅटिलोंना मात्र वेळ द्या. सारखे हलवू नका, एका बाजूला काळे डाग पडले की मगच उलटा. झगझगीत हिरवा रंग जाऊन ते शेवाळी आणि मऊ झाले, बुडाशी रस सुटू लागला, की उतरवा. घाई होते ती इथेच. करपलेली साल काढून टाकायची नाही, सगळी चव तिच्यात आहे.

ठेचा करणाऱ्या हातांना पुढचं वेगळं शिकवावं लागत नाही. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाचा, तीन पायांचा खल असतो. त्याला मोल्काहेते म्हणतात. सोललेला लसूण, मिरची आणि जाडं मीठ आधी बारीक वाटायचं, मग एकेक टोमॅटिलो घालून नुसता चेचायचा. मिक्सर वापरणार असाल तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर फेस येतो आणि साल्साचा पातळ रस होतो. बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि भरपूर कोथिंबीर शेवटी, हाताने मिसळा. टोमॅटिलोत पेक्टिन भरपूर असल्यामुळे साल्सा गार झाल्यावर थिजतो. अशा वेळी दोन चमचे पाणी घालावं. लिंबाची गरज नसते, फळ स्वतःच पुरेसं आंबट असतं.

चिप्स मक्याचेच घ्या, तेही कमी मिठाचे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याच्या पिठाच्या टॉर्टिया करतात. त्या शिळ्या झाल्या की तुकडे करून तळतात, आणि तो खमंग स्वाद या साल्साला हवाच असतो. घरी टॉर्टिया उरल्या असतील तर स्वतः तळाव्यात.

महाराष्ट्रात टोमॅटिलो सहज मिळत नाहीत. तिथल्या वाचकांनी घट्ट, हिरवे टोमॅटो असेच भाजावेत आणि शेवटी अर्धं लिंबू पिळावं. चव हुबेहूब येणार नाही, पण चांगली येते. टोमॅटिलोचा साल्सा झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस उत्तम राहतो.