प्रवासाची पुस्तके

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. समजा, त्या निमित्ताने तुमच्या वर्गाने ‘प्रवास’ या विषयावरील पाच पुस्तके वाचण्याचा संकल्प केला. ती निवडावीत कशी? मुले बहुधा कपाटापुढे उभी राहतात, नावात ‘प्रवास’ हा शब्द शोधतात आणि त्यांतल्या त्यांत सडपातळ पुस्तक उचलतात. संकल्प पुरा होतो खरा. पण मला ही रीत पसंत नाही.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. घरचे कोणी सोबत नव्हते, आणि समुद्र ओलांडणे हेच त्या काळी पाप समजले जाई. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या. याहून मोठा प्रवास तो कोणता? परंतु हे पुस्तक चरित्रांच्या कपाटात असते; नुसता शब्द शोधणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

गोडसे भटजींच्या पुस्तकाचे तर नावच ‘माझा प्रवास’. दक्षिणा मिळवावी म्हणून वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. कल्याणचे चिंतामणराव वैद्य यांनी ते लिखाण १९०७ साली प्रसिद्ध केले. भाषा जुनी आहे, तुम्हांस ती जड जाईल. तरीही पाचांतले एक पुस्तक असे जड असावेच. आजोबांना शेजारी बसवून ते वाचावे.

आणि एक मौजेचे! जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचा नायक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. त्याची आगगाडी मुंबईहून सुटते, तेव्हा वाटेत आपले कल्याण लागते. मराठी अनुवादात ते नाव राहिले आहे का, तेवढे पाहा.

अशी तीनच पुस्तके मनापासून वाचणाऱ्यास मी तरी कमी गुण देणार नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. डोंबिवलीकरांना दोन्ही जवळच. तेथे ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव सांगू नका, विषय सांगा. ते जे काढून देतील, त्याची मधलीच दोन पाने उभ्याउभ्या वाचून पाहा आणि मग वहीत नोंद करा.