काणी कणसात दिसते तेव्हा उशीर झालेला असतो



घरचे जोंधळ्याचे बी पेरण्याआधी आपण त्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळतो. तेव्हा रोग कुठेच दिसत नसतो. न चोळता पेरले तरी पीक हिरवेगारच वाढते. कणीस बाहेर पडते तेव्हा कळते, दाण्याच्या जागी काळी भुकटी आहे. मग कितीही फवारे मारा, दाणा परत येत नाही.

फ्लूच्या लशीचे गणित नेमके हेच आहे. ती आजारी पडल्यावर घेण्याचे औषध नव्हे. टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. शेजारच्या घरात माणूस धापा टाकू लागल्यावर धावाधाव करणे म्हणजे काणी दिसल्यावर गंधक शोधणे.

‘फ्लू म्हणजे सर्दी-पडसे, चार दिवसांत जाते,’ असे म्हणणाऱ्यांनी 1918 सालचा हिशेब पाहावा. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्लू मुंबईत शिरला. पहिली लाट सौम्य निघाली, लोक निर्धास्त झाले. सप्टेंबरात दुसरी लाट उठली आणि आगगाडीने प्रवास करीत मुंबई इलाख्यात, मध्य प्रांतात, वऱ्हाडात घुसली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. खरीप बुडालेला, धान्य महागलेले आणि घरोघर माणसे अंथरुणावर. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसे दगावली, असा अंदाज आहे. 1911 ते 1921 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यानंतर असे पुन्हा झालेले नाही.

मेले कोण? नुसती म्हातारी-कोतारी नव्हेत. वीस ते चाळीस वयाची, नांगर धरणारी, वेचणी करणारी कर्ती माणसे त्यात फार होती. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याची उस्तवार करणारी तीच, आणि सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाणारीही तीच. त्या पिढीला दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे लस नव्हती. माणसाच्या फ्लूचा विषाणूच 1933 साली सापडला.

आपली सबब मात्र चालणार नाही. 11 जून 2009 रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर झाली. ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला. देशात बनलेली लस बाजारात यायला 2010 चा पावसाळा उजाडला, आणि ऑगस्टमध्ये तर साथ संपल्याची घोषणाच झाली. लोकांनी लशीकडे पाठ फिरवली. विषाणू मात्र गेला नव्हता. 2015 साली तो पुन्हा उसळला आणि देशात सुमारे तीन हजार माणसे घेऊन गेला.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असे आम्ही सांगणार नाही. खोटी हमी देणाऱ्या बियाणेवाल्यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. पण लस घेतलेला माणूस दवाखान्यात भरती होण्याची, जिवावर बेतण्याची शक्यता बरीच घटते. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. सुईच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही; गरोदरपणी आईने घेतली तर बाळालाही आधार मिळतो.

आता आपला हिशेब मांडा. कापूस फुटला आहे आणि घरातली दोन माणसे पंधरा दिवस अंथरुणावर आहेत. वेचणी मजुराकडून, दवाखाना सावकाराकडून आणि बोंडे अवकाळीच्या हवाली. कोरडवाहू शेतकऱ्याला आजाराचा खर्च दोनदा भरावा लागतो, एकदा डॉक्टरकडे आणि एकदा शेतात.

म्हणून लस घ्या, आणि ती मागाही. 2021 साली कोरोनाच्या वेळी 18 ते 44 वयाच्यांना आधी मोबाइलवर नाव नोंदवायला लावले. शहरातली माणसे गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर टोचून गेली आणि गावातला मजूर बघत राहिला. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. साथ आली की लस प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाली पाहिजे. बाजाराच्या दिवशी मिळाली पाहिजे, वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी मिळाली पाहिजे. नाव कागदावर लिहून मिळाली पाहिजे. गरोदर बाया, म्हातारी माणसे, दमेकरी आणि मधुमेहवाले यांचा नंबर आधी लागला पाहिजे.

या बैठकीतून परत गेल्यावर प्रत्येक गावाने अशा माणसांची यादी करून ठेवावी. मागणी करणाऱ्याने स्वतः रांगेत उभे राहिले तरच त्या मागणीला वजन येते. बी पेरून झाल्यावर गंधक चोळता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा.