रुमाल फिरण्याआधी

गेल्या रमजानच्या थोडे आधीची गोष्ट. जुम्म्याची नमाज झाली आणि इमामसाहेबांनी लोकांना दोन मिनिटे थांबायला सांगितले. बेकरीत काम करणाऱ्या एका भावाच्या हृदयाचे ऑपरेशन होते, पैसे कमी पडत होते. रुमाल फिरवायला तिघे-चौघे उठले, त्यात आम्हीही होतो. चौथ्या ओळीत पोहोचलो तर त्या भावाचा मुलगा बसलेला. आठवीतला, आमच्याच वर्गातला. एरवी सगळ्यांच्या आधी हात वर करणारा हा मुलगा मान खाली घालून चटईची काडी उपटत होता. रुमाल समोर आला तेव्हा त्याने खिशातून दहाची नोट काढून टाकली. स्वतःच्याच अब्बांच्या ऑपरेशनसाठी.

पैसे जमले, ऑपरेशन झाले, अलहम्दुलिल्लाह. दोन महिन्यांनी तोच रुमाल एका बेवा बाईंसाठी फिरला. त्या भाड्याने राहणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या. सरकारी योजनेचे कार्ड होते, पण त्या रुग्णालयात ते चालत नव्हते. या वेळी पहिल्याच्या चौथा हिस्साही जमला नाही. लोकांची नियत वाईट नव्हती. बेकरीवाल्या भावाला सारा मोहल्ला ओळखत होता, बाईंना कोणी ओळखत नव्हते. दुखणे कोणाचे मोठे हे रुमालाला कळत नाही, ओळख कोणाची मोठी एवढेच कळते. बाईंनी शेवटी कानातले विकले.

तेव्हापासून आमच्या मनात एकच प्रश्न आहे. आजार आल्यावर हात पसरण्याऐवजी, आजार येण्याआधीच सर्वांनी मिळून पैसा बाजूला ठेवला तर? हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षे झगडले आहेत. त्यातल्या दोन राज्यांची हकीकत आज सांगायची आहे. एक जिंकले, एक हरले.

आधी मागणी काय ते समजून घेऊ. तिला इंग्रजीत ‘सिंगल पेयर’ म्हणतात, म्हणजे पैसे देणारा एकच. डॉक्टर स्वतंत्र असू शकतो, दवाखाना खाजगी असू शकतो, रुग्ण हवे तिथे जाऊ शकतो. पण बिल रुग्णाच्या हातात पडत नाही, ते एका सार्वजनिक तिजोरीकडे जाते. तिजोरी भरते सगळ्यांच्या करातून किंवा वर्गणीतून, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आणि ‘सगळे’ म्हणजे सगळे. गरीब वेगळे, नोकरदार वेगळे, म्हातारे वेगळे अशा याद्या नाहीत.

पहिली हकीकत कॅनडाची. 1904 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले टॉमी डग्लस लहानपणी आईवडिलांबरोबर विनिपेग शहरात आले. त्यांच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला. मोठ्या डॉक्टरची फी परवडण्यासारखी नव्हती आणि पाय कापण्यापर्यंत वेळ आली होती. तेवढ्यात एका अस्थितज्ज्ञाचे लक्ष या मुलाकडे गेले. आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस घेऊ द्या, म्हणजे उपचार फुकट करतो, असे त्याने आईवडिलांना सांगितले. पाय वाचला. डग्लस पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिले. उपकार ते विसरले नाहीत, पण मुलाचा पाय वाचणे हे नशिबावर आणि कोणाच्या मेहेरबानीवर असू नये, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला चौथ्या ओळीतली ती दहाची नोट आठवली.

डग्लस पाद्री झाले, मग राजकारणात आले आणि 1944 मध्ये सस्कॅचेवान या प्रांताचे प्रमुख झाले. गहू पिकवणारा प्रांत, 1930 नंतरच्या दुष्काळाने आणि मंदीने पिचलेला. पण तिथल्या लोकांना एक सवय आधीपासून होती. काही गावे स्थानिक करातून डॉक्टरला वर्षाचा पगार देत, म्हणजे तो गावात टिकून राहील. त्या सवयीवर डग्लस यांनी पुढचा मजला चढवला. 1 जानेवारी 1947 पासून प्रांतात रुग्णालयाचा विमा सर्वांना लागू झाला. वर्गणी माणशी वर्षाला 5 डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त 30 डॉलर, बाकीचा खर्च करातून.

डॉक्टरांची फी मात्र अजून लोकांच्याच खिशातून जात होती. तीही तिजोरीतून द्यायची होती, पण पैसा नव्हता, म्हणून सरकार दहा-बारा वर्षे थांबले. 1957 च्या कायद्याने केंद्र सरकारने रुग्णालयांचा जवळपास निम्मा खर्च उचलायचे मान्य केले, तेव्हा हात मोकळा झाला. 1959 मध्ये डग्लस यांनी योजना जाहीर केली आणि 1960 ची निवडणूक तिच्यावरच लढवून जिंकली. कायदा झाला 1961 मध्ये. त्याच सुमारास डग्लस देशाच्या राजकारणात गेले आणि प्रांताची सूत्रे वुड्रो लॉइड यांच्याकडे आली. लॉइड पूर्वीचे शाळामास्तर! आम्हा शिक्षकांना हे वाचून थोडा अभिमान वाटला तर माफ करा.

1 जुलै 1962 ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टर संपावर गेले. सरकारच्या हाताखाली काम करावे लागेल, ही त्यांची भीती होती. आयांच्या मनात धास्ती होती, की रात्री लेकरू तापले तर जायचे कुठे? सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले, लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे दवाखाने उघडले. विरोधकांनी राजधानी रेजिनात मोठा मोर्चा बोलावला. हजारोंच्या कितीतरी पटीने गर्दी होईल म्हणत होते, आले सुमारे चार हजार. 23 दिवसांनी तडजोड झाली. डॉक्टरांचे स्वातंत्र्य मान्य झाले, तिजोरी एकच राहिली.

किंमतही मोजावी लागली. डग्लस 1962 मध्ये रेजिनातून लोकसभेसारख्या त्यांच्या केंद्रीय सभागृहाची निवडणूक हरले. 1964 मध्ये लॉइड यांचे सरकार पडले. पण आलेल्या विरोधी सरकारने योजना मोडली नाही, कारण लोकांना ती पटली होती. 1966 मध्ये केंद्राने देशासाठी तसाच कायदा केला आणि 1972 पर्यंत सारे प्रांत त्यात आले. एका प्रांतापासून सुरुवात झाली आणि देश मागे आला.

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या व्हरमाँटची. राज्य चिमुकले, त्या काळी लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास. तिथे 2008 पासून एका कामगार संघटनेने ‘आरोग्य हा मानवी हक्क’ अशी मोहीम चालवली. कार्यकर्ते गावोगावी गेले, लोकांनी आपापल्या बिलांच्या कहाण्या उभ्या राहून सांगितल्या, राजधानीत मोर्चे निघाले. पीटर शुमलिन हेच वचन देऊन गव्हर्नर झाले आणि मे 2011 मध्ये त्यांनी कायद्यावर सही केली. लोक आनंदले.

पण त्या कायद्यात एक पान कोरे होते. पैसा कुठून येणार, हे नंतर सांगू असे ठरले होते. आकडे लांबत गेले. ते आले 17 डिसेंबर 2014 ला, आणि त्याच दिवशी शुमलिन यांनी योजना सोडून दिली. मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के आणि कुटुंबांवर उत्पन्नाच्या 9.5 टक्क्यांपर्यंत नवा कर लागणार होता. आता खरे पाहता लोक विमा कंपन्यांना मोठाले हप्ते आधीपासून भरतच होते, ते या करामुळे बंद झाले असते. पण हे घराघरात कोणी बसून समजावले नव्हते. वाढणारा कर डोळ्यांना दिसला, थांबणारा हप्ता दिसला नाही. जानेवारीत कार्यकर्ते विधानभवनात ठिय्या देऊन बसले, काहींना अटक झाली, पण गाडी निघून गेली होती. 2016 मध्ये कोलोराडो राज्यात अशाच योजनेवर मतदान झाले. पाचांतील जवळपास चौघांनी ‘नाही’ म्हटले.

या दोन हकीकतींतून आम्हाला एक गोष्ट कळली. हक्काची घोषणा लोकांना एकत्र आणते, पण टिकवून धरतो तो हिशेब. सस्कॅचेवानमध्ये वर्गणी भरायची आणि त्याचे फळ बघायची सवय लोकांना पंधरा वर्षे होती. व्हरमाँटमध्ये कायदा आधी आला, हिशेब शेवटी.

आपल्या देशातही दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथेही खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली. ती काही एकच तिजोरी नव्हे, पण राज्य पाऊल टाकू शकते एवढे त्यातून दिसले. उद्या आपल्या दारात मते मागायला कोणी आले आणि ‘सर्वांना मोफत उपचार’ म्हणाले, तर टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. ‘सर्वांना’ म्हणजे कोणाकोणाला? आणि तिजोरी कशी भरणार?

आमच्या मोहल्ल्यात आम्ही घरटी महिना 50 रुपये जमवायला सुरुवात केली आहे. हिशेब दर महिन्याला मशिदीच्या फळ्यावर लागतो. एवढ्याने हृदयाचे ऑपरेशन होत नाही, हे आम्हालाही कळते. ते काम राज्याचेच आहे, आणि ते राज्याकडे मागितलेच पाहिजे. पण पहिल्याच बैठकीत वाद झाला तो रकमेवरून नाही, भाडेकरूंना यादीत घ्यायचे की नाही यावरून. आज आहेत, उद्या जातील, असे काहींचे म्हणणे होते. तास-दीड तास बोलणे चालले. शेवटी घ्यायचे ठरले. यादीत त्या बेवा बाईंचे नाव अकरावे आहे, आणि पहिल्या महिन्याचे 50 रुपये त्यांनी सगळ्यांच्या आधी आणून दिले.