विवाह हे वेतनाचे उत्तर नव्हे

दुकानात राबणारी गरीब तरुणी आणि तिच्यावर भाळणारा श्रीमंत मालक ही जोडी चित्रपटव्यवसायाची नेहमीच लाडकी राहिली आहे. १९२७ साली अमेरिकेत निघालेला ‘इट’ हा मूक विनोदी प्रेमपट हा तिचा ठळक नमुना होय. क्लॅरा बोने त्यात रंगविलेली बेटी लू ही एका मोठ्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी विक्रेती. तिचे मन दुकानाच्या तरुण मालकावर जडते आणि अनेक गैरसमजांनंतर शेवट गोड होतो.

तथापि या कथेच्या पोटात एक कठोर प्रसंग आहे. बेटी लूची मैत्रीण मॉली आजारी आहे, बेकार आहे. म्हणून तिचे तान्हे मूल काढून नेण्यास परोपकारी स्त्रिया दारात येतात. तेव्हा मूल आपलेच असून आपल्याला नोकरी आहे, असे बेटी लू ठणकावून सांगते. मातृत्वाचा हक्कही अखेर पगारावर ठरतो! ही बातमी कानी जाताच मालक तिला वाटेल ते ऐश्वर्य देऊ करतो; विवाह मात्र नाही. ती ते बाणेदारपणे झिडकारते. एवढ्यासाठी तरी हा चित्रपट आदरास पात्र आहे.

परंतु तिचे वेतन पुरेसे आहे काय, हे तो विचारीत नाही. १९२३ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा करारस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द ठरविला होता. उपाशी स्त्री आणि भांडवलदार यांना समबल पक्षकार मानणारे हे अर्थशास्त्र! अशा व्यवस्थेत एका बेटी लूची सुटका विवाहाने होईलही. काउंटरमागे उरलेल्या जणींचे काय?

याचे उत्तर डेट्रॉइटने दिले. फेब्रुवारी १९३७ मध्ये तेथील वुलवर्थच्या दुकानात शंभरांहून अधिक तरुणींनी बैठा संप पुकारला, आठवडाभर दुकान ताब्यात ठेवले आणि पगारवाढ व युनियनला मान्यता मिळविली. त्याच वर्षी न्यायालयानेही आपली भूमिका बदलली. तरीसुद्धा १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून किरकोळ विक्रीच्या दुकानांतील बहुसंख्य कामगार वगळले गेले. मोठ्या दुकानांतील कामगारांना त्याचे संरक्षण मिळू लागले ते १९६१ च्या दुरुस्तीनंतर.

चित्रपटातील मालकाचे हृदयपरिवर्तन तासाभरात होते. कायद्याला त्यानंतर ३४ वर्षे लागली, आणि तीही संघटित कामगारांनी रेटा लावला म्हणून. बेटी लूच्या मानीपणाला दाद देताना कार्यकर्त्यांनी हा हिशेब विसरू नये.